आकड्यामागे धावणारे आप्तेष्ट

पावसाळा सरत आला की डेंग्यूची साथ येते, आणि ज्या घरांत रक्ताच्या अहवालाकडे एरवी कोणी ढुंकूनही पाहत नाही, तेथे 'प्लेटलेट किती?' ही चौकशी सकाळ-संध्याकाळ सुरू होते; या सवयीचा उपद्रव असा, की डेंग्यूचा लवलेशही नसताना आकडा वीस हजारांवर उतरला, तरी आप्तेष्टांची पहिली धाव रक्तपेढीकडेच असते.

वस्तुतः डेंग्यूविना आकडा असा घसरविणाऱ्या आयटीपी (इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया) नामक विकारात प्लेटलेटचे उत्पन्न थोडे घटते, हे खरे; परंतु खजिना रिता होतो तो मुख्यत्वे लुटीमुळे, आणि लूट करविणारी असतात शरीराच्या संरक्षणार्थ नेमलेली प्रतिपिंडे. ती स्वकीय प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना चिकटतात आणि अशा डागी प्लेटलेट पानथरीतील भक्षक पेशी गिळून टाकतात. अमेरिकेतील सेंट लुईस येथील डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी 1950 साली अशा रुग्णाचे सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शरीरात घेतले, तेव्हा काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट दहा हजारांच्या खाली घसरल्या, त्वचेवर रक्ताचे बारीक ठिपके उमटले, आणि दोष रुग्णाच्या रक्तद्रवातच आहे, या तर्काला भक्कम पुरावा मिळाला. (आजची कोणतीही नीतिसमिती या धाडसाला मंजुरी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.)

एवढे ध्यानी घेतल्यास, बाहेरून चढविलेल्या प्लेटलेटही बहुधा काही तासांतच त्याच वाटेने जातात, हे निराळे सांगावे लागत नाही. प्राणावर बेतलेला रक्तस्राव असेल तर पिशव्या अवश्य द्याव्यात, इतर उपचारांच्या जोडीने द्याव्यात. परंतु केवळ कागदावरील आकडा सजविण्यासाठी डॉक्टरांकडे त्यांचा तगादा लावणे मला सर्वथा गैरवाजवी वाटते. प्रतिपिंडांच्या तपासणीचा हट्टही तसाच. खऱ्या आयटीपीतही ती पुष्कळदा नकारार्थी येते, म्हणून निदान अजूनही इतर कारणे वगळूनच करावे लागते.

लहान मुलांत तर, एखाद्या विषाणुजन्य तापानंतर नडगीवर निळे-जांभळे डाग उठतात आणि बहुतेकांचा विकार काही महिन्यांत आपोआप ओसरतो. तेवढा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाट पाहणे हाच पुष्कळदा उपचार असतो. अशा वेळी आकड्याइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष हिरड्यांतून रक्त येते काय, तोंडात रक्ताचे फोड आहेत काय, एकाएकी तीव्र डोकेदुखी सुरू झाली काय, याकडे असावे. आणि डॉक्टरांना विचारल्याखेरीज अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये.