‘एकतर्फी प्रेम’ आणि रसाभास

मराठी वृत्तपत्रांनी गुन्ह्याच्या बातमीला दिलेले काही शब्द इतके रुळले आहेत की, त्यांच्याकडे शब्द म्हणून पाहण्याचे आपण सोडून दिले आहे. ‘एकतर्फी प्रेमातून’ हा त्यांतला सर्वांत घातक. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून हल्लेखोरांनी एका विद्यार्थिनीला जाळून मारले. १९९८ साली सांगलीत भर रस्त्यात एका युवतीची हत्या झाली. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला महाविद्यालयात निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल ओतून तिला पेटवण्यात आले आणि आठवड्याभरात नागपूरच्या रुग्णालयात ती गेली. तीन दशके उलटली, गुन्ह्याचे कारण सांगणारा शब्द मात्र तोच राहिला. (यातली पहिली दोन प्रकरणे आजही मुलींच्या नावांनीच ओळखली जातात, मारणाऱ्यांच्या नव्हे. म्हणून येथे नावे टाळली आहेत.)

या शब्दप्रयोगाचे व्याकरण तपासून पाहावे. ‘प्रेमातून’ ही रूपरचना उगम दाखवते. डोंगरातून झरा निघावा तसा प्रेमातून खून निघाला, असे ती सुचवते. ‘एकतर्फी’ हे विशेषण प्रेमाला नाकारत नाही, त्यात काहीतरी उणे आहे एवढेच म्हणते. मग ते उणे कोणी भरून काढायचे होते? वाचकाच्या मनात न विचारता उमटणारा प्रश्न ‘त्याने असे का केले?’ हा राहत नाही, ‘तिने नकार का दिला?’ हा होतो. बातमीत ती मुलगी मेलेली असते आणि तरीही उत्तर तिनेच द्यायचे असते.

याच्या जोडीला दुसरा लाडका शब्द येतो, तो म्हणजे ‘माथेफिरू’. वरवर तो निषेधाचा वाटतो. प्रत्यक्षात एक शब्द प्रेमाचा, दुसरा वेडाचा, आणि दोहोंच्या मधून निसटते ती पूर्वतयारी. पेट्रोल आधी मिळवावे लागते. ती कोणत्या वाटेने, किती वाजता जाते, हे माहीत करून घ्यावे लागते. वाट पाहत उभे राहावे लागते. यात आवेग कुठे आहे?

दोष एकट्या वार्ताहराचा नाही. त्याच्या हाती बहुधा पोलिसांनी सांगितलेली हकीकतच असते, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालातही खुनाच्या कारणांत ‘प्रेमप्रकरण’ असा रकाना आहे. चित्रपटाने तर १९९३ च्या ‘डर’मध्ये पाठलाग करणाऱ्यालाच प्रेक्षकांचा आवडता करून सोडले. परंतु चित्रपटाला निदान कल्पित असल्याची सबब आहे.

खेद याचा वाटतो की, आपल्या साहित्यशास्त्राकडे या गोष्टीसाठी अधिक नेमका शब्द शेकडो वर्षांपासून आहे. जी रती दोघांच्या ठायी नाही, तिला विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त शृंगार मानले नाही, आभास मानले. अभिनवगुप्ताने रावणाच्या सीतेविषयीच्या अभिलाषेचे उदाहरण घेतले. शिंपल्यावर रुपे भासावे तसा तो शृंगार भासतो. सीतेच्या मनात आपल्याविषयी तिटकारा आहे, हे रावणाच्या मनाला शिवतच नाही, आणि शिवले असते तर ती अभिलाषाच उरली नसती, असे त्याचे विवेचन आहे. म्हणजे समोरच्या व्यक्तीचे मनच न पाहणे, हे या भावनेचे वैगुण्य नसून तिचा पायाच आहे. अर्थात या आभासांच्या यादीत ‘अधम’ पात्रांची रतीही बसवलेली आहे. तिच्यातली श्रेणीव्यवस्था आपण आज स्वीकारण्याचे कारण नाही. पण हे एक कलम आजच्या कोणत्याही वृत्तसंपादकापेक्षा शहाणे आहे.

शिवाय मराठीत एकाकी प्रेमाची परंपरा काही लहान नाही. ज्ञानदेवांच्या विराण्यांतली विरहिणी जळते ती स्वतः. ज्या भाषेत विरहाला इतके तेज आहे, तिने तोच शब्द पेट्रोलच्या डब्याला बहाल करावा, ही साधी भाषिक चूक म्हणून सोडून देता येत नाही.

मथळ्यात जागा कमी असते, ही संपादकांची अडचण मान्य. पण ‘पाठलाग करणाऱ्याकडून हत्या’ हे काही ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीची हत्या’ याहून लांब नाही. कायद्यानेही हा शब्द घेतला आहे. २०१३ च्या दुरुस्तीने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. खटला उभा राहण्याआधी हेतूविषयी बोलायचे नसेल, तर हेतू गाळावा; ‘प्रेम’ हाही हेतूच आहे आणि तो तर आरोपीला सोयीचा. आत्महत्येच्या वार्तांकनासाठी भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या, त्या शब्दांचा परिणाम वाचणाऱ्यांवर होतो हे मानूनच. नकार ऐकलेला एखादा अठरा-वीस वर्षांचा मुलगाही वृत्तपत्र वाचतो, आणि तिथे त्याच्या रागाला आधीच एक सुंदर नाव मिळालेले असते.

पदव्युत्तर वर्गांत रसाभास शिकवला जातो, रावणाचे उदाहरण टिपणवहीत उतरते, परीक्षेत पाच गुणांना येते. शिक्षकांनी त्या तासाला हिंगणघाटच्या बातमीचे एक कात्रण सोबत न्यावे आणि विद्यार्थ्यांना तिचा मथळा पुन्हा लिहायला सांगावा.