घरच्या सरपणासाठी पहिली साखळी करवत

वाशीम जिल्ह्यात पऱ्हाटी व तुराट्या हे चुलीचे नेहमीचे जळण होय. त्यांस यंत्राची आवश्यकता नाही. धुऱ्यावरील वाळलेल्या बाभळीचे ओंडके कापावयाचे असतील, तरच साखळी करवतीचा विचार करावा. ती घेताना मोठे पाते व अधिक शक्ती पाहण्याकडे कल असतो. तो योग्य नव्हे. घरकामास १४ ते १६ इंची पाते पुरते. जड यंत्राने हात लवकर थकतात व अपघाताचा संभव वाढतो. पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडास लागल्यास करवत एकाएकी उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. याकरिता साखळी तत्काळ थांबविणारा ब्रेक नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. शिरस्त्राण, चष्मा व जाड बूट यांचा खर्च यंत्राच्या किंमतीतच धरावा. किसाऐवजी बारीक पूड पडू लागताच साखळीस धार लावावी. बोथट साखळीवर जोर देऊ नये. साग, आंबा, चिंच, मोह ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वये परवानगीवाचून तोडता येत नाहीत, हेही शेतकरी बंधूंनी ध्यानी ठेवावे.