प्रतोद बेकायदा, सरकार कायदेशीर : महाडकरांनी हा निकाल नीट समजून घ्यावा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका.

"कोर्टाने भरतशेठना बेकायदेशीर ठरवलं, मग ते आमदार कसे राहिले? मंत्री कसे झाले?" हा प्रश्न महाडच्या बाजारपेठेत आणि पोलादपूरच्या एसटी स्टँडवर मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता एकदाच लिहून टाकतो. एका गटाचं ठाम मत आहे की कोर्टच मॅनेज झालं. दुसरा गट म्हणतो, कोर्टाने क्लीन चिट दिली. दोघांनीही निकाल वाचलेला नाही. आपल्याच मतदारसंघाच्या आमदाराचं नाव देशाच्या घटनापीठाच्या निकालात पानोपानी येतं आणि आपण मात्र व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डवर भांडतोय.

आधी घडलं काय ते बघू. २१ जून २०२२. आमदार सुरतेला गेलेले. इकडे मुंबईत ठाकरेंकडून एकनाथ शिंदेंना गटनेतेपदावरून काढलं, प्रतोद सुनील प्रभू. तिकडे शिंदे गटाच्या आमदारांनी ठराव केला, की प्रतोद आपले भरत गोगावले. प्रतोद म्हणजे ज्याचा व्हीप मोडला तर आमदारकी जाऊ शकते असा माणूस, साधं पद नव्हे. ३ जुलैला अध्यक्ष राहुल नार्वेकर निवडून आले आणि त्यांनी गोगावलेंच्या नेमणुकीला मान्यता दिली.

११ मे २०२३ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितलं की ही मान्यता कायद्याला धरून नाही. कारण सोपं आहे. प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या आमदारांच्या गटाचा नाही. म्हणजे बेकायदेशीर ठरली ती प्रतोदपदाची मान्यता. आमदारकीला कोर्टाने हातच लावला नाही, तो प्रश्न अध्यक्षांकडे पाठवला. पुढे १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी काय केलं? शिंदेंचा गट हीच २१ जूनपासून खरी शिवसेना, म्हणून गोगावलेंची नेमणूक वैध. दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र नाही. ज्या खुर्चीची चूक कोर्टाने दाखवली, त्याच खुर्चीकडे प्रकरण परत गेलं आणि त्याच खुर्चीने पुन्हा तेच नाव वैध ठरवलं.

माझी तक्रार मात्र अध्यक्षांबद्दल कमी आणि दिल्लीतल्या न्यायमूर्तींबद्दल जास्त आहे. अध्यक्ष हा पक्षाचा माणूस, त्याच्याकडून अपेक्षा ती किती ठेवायची! न्यायमूर्तींकडून ठेवायची असते.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. राज्यपालांनी ठाकरेंना बहुमत सिद्ध करायला सांगितलं ते योग्य नव्हतं, त्यांच्यापुढे तेवढी वस्तुनिष्ठ कारणंच नव्हती, असं कोर्ट म्हणतं. ठीक. पण ही बहुमत चाचणी थांबवा म्हणून २९ जून २०२२ ला याच सर्वोच्च न्यायालयाच्या दारात लोक उभे होते. रात्री उशिरापर्यंत सुनावणी झाली आणि स्थगिती नाकारली गेली. चाचणीचं जे होईल ते अंतिम निकालाच्या अधीन राहील, एवढं आश्वासन. त्याच रात्री ठाकरेंनी राजीनामा दिला. आणि दहा महिन्यांनी कोर्ट काय म्हणतं, तर तुम्ही चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिलात, म्हणून जुनं सरकार परत आणता येणार नाही. राज्यपालांनी शिंदेंना बोलावलं ते बरोबरच.

जरा थांबून विचार करा. जी चाचणी चुकीची होती ती थांबवली नाही, आणि तिला सामोरं गेला नाहीत म्हणून दाद नाही. "अंतिम निकालाच्या अधीन" या शब्दांचा मग अर्थ काय राहिला?

कुणी म्हणेल, राजीनामा स्वखुशीने दिलेला, कोर्ट तो फाडून कसा टाकणार? हा मुद्दा खरा आहे, आणि ठाकरेंनी त्या रात्री घाई केली असं माझंही मत आहे. चाचणी होऊन सरकार पडलं असतं तर कोर्टापुढे मामला वेगळा असता. पण त्याने २९ जूनचा आदेश बरोबर ठरत नाही.

आता २०१९ आठवा. २३ नोव्हेंबरला पहाटेचा शपथविधी. २४ ला रविवार, तरी कोर्ट बसलं. २६ ला आदेश, उद्या पाच वाजेपर्यंत बहुमत सिद्ध करा, थेट प्रक्षेपण करा. फडणवीसांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. तीन दिवसांत सगळा निकाल. म्हणजे कोर्टाला वेळेची किंमत कळत नाही असं कुणी सांगू नये. हवं तेव्हा रविवारीही कळते.

न्यायमूर्ती राजकारण घडवतात ते निकालपत्राच्या भाषेतून कमी आणि या गोष्टींतून जास्त. कधी ऐकायचं, तोवर स्थगिती द्यायची की नाही, कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि कुठला मोठ्या पीठाकडे सरकवायचा. अध्यक्षावरच हटवण्याची नोटीस असेल तर त्याने अपात्रता ठरवावी का, हा मूळ कळीचा प्रश्न. तो सात न्यायमूर्तींकडे गेला. आमदार अपात्रतेचा निर्णय अध्यक्षाने साधारण तीन महिन्यांत द्यावा, असं याच कोर्टाने २०२० मध्ये मणिपूरच्या खटल्यात म्हटलेलं. आपल्या वेळी "वाजवी मुदत". ती आठ महिने चालली, तीही कोर्टाने मागे लागून तारीख ठरवून दिल्यावर. अध्यक्षांच्या निर्णयाविरुद्ध पुन्हा कोर्ट, पुन्हा तारखा. नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेची निवडणूक आली, भरतशेठ महाडमधून पुन्हा निवडून आले, डिसेंबरमध्ये कॅबिनेट मंत्री झाले. ज्या विधानसभेबद्दलचा वाद, ती संपली, तरी शेवटचा शब्द आला नव्हता. मतदारांनी दिलेला कौल मी मानतो, भरतशेठच्या विरोधकांनीही मानावा. पण कायद्याचा प्रश्न मतपेटीने सुटत नाही.

आपल्या महाडला हे नवीन नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेआधी काही सवर्ण महाडच्या दिवाणी कोर्टात गेले आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम आला. तात्पुरता! बाबासाहेबांनी तो पाळला, तळ्यावर जाणं थांबवलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं. आणि निकाल तरी कशावर? तळ्यावरची बंदी ही अनादी काळापासूनची रूढी असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही, यावर. अशी रूढी मुळात कायद्याला मान्य होऊ शकते का, या प्रश्नात शिरायची न्यायमूर्तींना गरज वाटली नाही. जिंकलो, पण मोठा प्रश्न तसाच ठेवून. दरवर्षी २० मार्चला तळ्यावर भाषणं ठोकणाऱ्या पुढाऱ्यांपैकी किती जण या खटल्याबद्दल बोलतात, तुम्हीच मोजा.

हे सगळं मुंबई-दिल्लीचं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर आपल्या पंचायत समितीत जाऊन आलेले लोक विचारा. ओबीसी आरक्षणाच्या वादात स्थानिक संस्थांच्या निवडणुका अडकल्या, २०२२ पासून जिल्हा परिषद, पंचायत समिती प्रशासकाच्या हातात गेल्या होत्या. चार महिन्यांत निवडणुका घ्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला ६ मे २०२५ ला. तोवर पोलादपूरच्या एखाद्या वाडीतल्या माणसाने पाण्याच्या योजनेसाठी, रस्त्यासाठी कुणाला पकडायचं होतं? बीडीओला? तो बदलीच्या प्रतीक्षेत. सदस्यच नाही तर जाब कुणाला विचारणार!

माझी मागणी फार मोठी नाही. सरकार पाडणाऱ्या-बनवणाऱ्या प्रकरणांत कोर्टाने स्वतःवरच मुदत घालून घ्यावी, आणि ज्या सभागृहाबद्दल वाद आहे त्याची मुदत संपायच्या आत निकाल द्यावा. आणि स्थगिती नाकारताना "अंतिम निकालाच्या अधीन" लिहायचं असेल, तर शेवटी काय परत मिळू शकतं आणि काय नाही, हेही त्याच आदेशात लिहावं.

दोन्ही शिवसेनांच्या कार्यकर्त्यांना : कमेंटमध्ये शिवी दिलीत तर डिलीट करीन, निकालातला मुद्दा मांडलात तर उत्तर देईन.