तारुण्यपीटिका आणि सल्लागार मंडळ

तारुण्यपीटिका! काय भारदस्त शब्द! जणू एखाद्या संगीत नाटकातील नायिकेचे नाव. परंतु हीच बाई चेहऱ्यावर मुक्कामाला आली, की माणसाला आरसा नकोसा होतो, हे मी अनुभवाने सांगते.

माझ्याकडे ती आली अकरावीत, आणि तिच्यामागोमाग आले सल्लागार मंडळ. आत्या म्हणाली, "तळलेलं बंद कर." शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तोंड नीट धुत जा." कुणी लिंबू चोळायला सांगितले, कुणी टूथपेस्ट. एका आजींनी तर "लग्न झालं की जातील" असा निकालच दिला! लग्न सोडून मी सगळे केले. लिंबाने आग झाली, टूथपेस्टने कातडी सोलवटली; मुरुमे मात्र होती तिथेच.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या एकांकिकेसाठी माझी निवड झाली. तालमीच्या तिसऱ्या दिवशी मागून कुणीतरी म्हणाले, "हिला रंग दुप्पट लागणार." सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी ताप आल्याचा निरोप धाडून मी भूमिका सोडली, आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक मलम आणले. काही दिवसांत चेहरा उजळला. मलम थांबवताच तो लालबुंद झाला आणि पूर्वीपेक्षा जास्त पुळ्या उठल्या. डॉक्टरांकडे गेल्यावर कळले, की मलमात स्टिरॉइड होते. २०१८ साली सरकारने अशी १४ प्रकारची स्टिरॉइडे असलेली मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. पण नियम कागदावर आणि मलम काउंटरवर!

डॉक्टरांनी जे समजावले ते मला आधी कुणीच सांगितले नव्हते. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. ते तेल आणि मृत पेशी मिळून रंध्रे बुजवतात, आत जंतू वाढतात आणि सूज येते. म्हणजे हा अस्वच्छतेचा दोष नव्हेच. उलट चेहरा घासून घासून धुतला तर तो अधिकच चिडतो. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवावा, पुळ्या फोडू नयेत, तेलकट क्रीम टाळावे. बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडापॅलीन अशी औषधे आहेत; पण त्यांचा गुण दिसायला सहा-आठ आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. मोठ्या, दुखऱ्या गाठी येत असतील तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा, कारण व्रण कायमचे राहतात.

सुश्रुतसंहितेत या व्याधीला 'मुखदूषिका' म्हटले असून या पुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. दोष दिला आहे तो कफ, वात आणि रक्त यांना; बिचाऱ्या तरुणांना नव्हे! एवढा समंजसपणा आमच्या सल्लागार मंडळाने दाखवायला काय हरकत आहे?

माझे म्हणणे एवढेच, की दुसऱ्याचा चेहरा म्हणजे कॉलेजचा सूचनाफलक नव्हे, येता-जाता ज्याने त्याने शेरा चिकटवायला. मुलेही यातून सुटलेली नाहीत. त्यांना तर हे कुणाजवळ बोलण्याचीही चोरी. आपण सहज मारलेला शेरा आपण विसरतो. ज्याला तो लागतो, तो मात्र घाबरून भलतेच मलम शोधू लागतो. मुरुमांना औषध आहे, पण ते सावकाश लागू पडते. त्या घाईला खतपाणी घालतो तो आपणच.

असो. यंदाच्या संमेलनात मी पुन्हा नाव दिले आणि कामही केले. चेहऱ्यावर तीन-चार मुरुमे होतीच. प्रयोगानंतर बाई म्हणाल्या, "आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला हं." मुरुमांबद्दल कुणी काहीच बोलले नाही. बहुधा ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचली नसावीत!

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला