सांडपाण्याचं पहिलं गिऱ्हाईक

नळ घरोघरी आला की ग्रामपंचायत फोटो काढते. मोरीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा विषय मात्र ग्रामसभेत उठता उठता निघतो. नवापूर तालुक्यातलं खांडबारा त्याला अपवाद कसं असेल? जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांच्या घरात २७५. त्यातलं साधारण सत्तर टक्के, म्हणजे १९० लिटर, सांडपाणी.

यावर शोषखड्डा हे ठरलेलं उत्तर. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने शोषखड्ड्यांच्या जोरावर डास हटवले, ते मोलाचंच. पण ऐन मे महिन्यात पाणी जमिनीत घालून मोकळं होणं मला पटत नाही. तेव्हाच तर रोपवाटिकेतल्या पिशव्या माना टाकतात.

मोहाचंच घ्या. बी पावसाळ्याच्या तोंडावर पडतं आणि लगेच पेरावं लागतं, ठेवलं की उगवण जाते. रोप लावण्याजोगं व्हायचं तर पुढचा अख्खा उन्हाळा त्याला पिशवीतच काढावा लागतो. रोजचा अर्धा लिटर धरा. घरातलं शंभर लिटर न्हाणीचं पाणी दोनशे रोपं जगवील. शिवाय मोहाचं रोप कोणी मेथी-कोथिंबिरीसारखं कच्चं खात नाही, त्यामुळे रोगजंतूंची धास्ती कमी.

नर्मदेपलीकडे झाबुआ-धारच्या आश्रमशाळांत नागपूरच्या ‘नीरी’ने युनिसेफबरोबर हे करून दाखवलंय. मुलांच्या आंघोळीचं पाणी खडी-वाळूतून गाळून संडासात आणि बागेला वापरलं; २००७ मध्ये त्याची मार्गदर्शिकाही निघाली. आश्रमशाळा नवापूर तालुक्यातही आहेत.

जाळी, गाळ बसायची टाकी, खडी-वाळू, मग कर्दळीचा वाफा, एवढाच पसारा. पाणी दिवसभराहून जास्त तुंबवलं की घाण मारतं. कपड्यांचं पाणी वेगळं काढायचं, कारण पावडरीतला सोडियम पिशवीतल्या मूठभर मातीत साठतो, माती दगड होते, पानांच्या कडा करपतात. ते खुशाल शोषखड्ड्यात जाऊ द्या. रोपांना अधूनमधून साधं पाणीही हवंच.

खरी गोम जाळीपाशी आहे. तिथली शितं आणि केस रोज काढणार कोण? स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद झाली, पण ती बांधकामाची. (बांधकामाला उद्‌घाटन असतं, जाळीला नसतं.) रोपांना पाणी घालणाऱ्याची मजुरी रोजगार हमीत बसते, जाळी साफ करणाऱ्याचं नावही त्याच हजेरीपटावर चढवा. सुरुवात एका आश्रमशाळेपासून, येत्या उन्हाळ्याआधी.