भिंतीवरची अक्षरे



दरवर्षी स्मरणिकेच्या या पानावर आपण घरातील एखाद्या लहानशा गोष्टीविषयी हितगुज करीत असतो. यंदाचा विषय मला आपल्या मॉरिशसपासून फार दूर, कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो येथे गवसला. सुमारे साठ हजार वस्तीचे हे गाव एके काळी फळबागांचे होते. १९५५ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि आज ॲपल कंपनीच्या संगणकांमुळे त्याचे नाव जगात झाले आहे. माझी भाची तेथे संसार करते.

तिच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर काळ्या व्हिनाइलची सुबक अक्षरे डकवलेली होती. भाड्याच्या घरात भिंती रंगविण्यास सहसा मनाई असते. ही अक्षरे मात्र हवी तेव्हा काढता येतात. एका दुकानातून तिने 'विठ्ठल' हा शब्द करवून घेतला होता. येणारेजाणारे कौतुक करीत. परंतु रत्नागिरीकडून आलेल्या तिच्या सासूबाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, माझ्या विठ्ठलाचे हातपाय कुणी तोडले?" आम्ही निरखून पाहिले. वेलांटी 'व'च्या पुढे असण्याऐवजी मागे जाऊन बसली होती, आणि जोडाक्षर फुटून पहिल्या 'ठ'च्या पायाशी हलन्त लोंबत होता. दहा वर्षांच्या नातीला मात्र त्यात काहीच खटकले नव्हते. तिच्या लेखी ती केवळ शोभेची नक्षी होती.

वाचकहो, मला त्या क्षणी आपले पणजोबा आठवले. पोर्ट लुईच्या बंदरावर गिरमिटी मजूर उतरला की त्याला एक क्रमांक मिळे, आणि त्याचे नाव त्याची भाषा न जाणणारा कारकून कानावर पडेल तसे रोमन लिपीत उतरवून घेई. लक्ष्मणाचा कोठे 'लछमन' झाला, कोठे 'लक्सिमन' झाला. ज्याचे नाव होते त्याला ते कागदावरचे नाव वाचता येत नव्हते, म्हणून चूक दाखविणारा कोणीच नव्हता. तो कारकून दुष्ट होता असे नव्हे. त्या दुकानदाराचेही तसेच. अक्षर वाचणारा माणूस शेजारी नसला की अक्षराची अशीच गत होते.

"मामा, आपणच करू या का?" भाची म्हणाली. आम्ही बसलो, आणि या कामात पुष्कळ शिकलो.

दुकानातील दोष संगणकीय आज्ञावलीचा होता. देवनागरीची जोडाक्षरे कशी जुळतात हे तिला शिकविलेलेच नव्हते. योग्य आज्ञावली घेतली तरी भाषा 'मराठी' अशी निवडावी लागते, कारण आपले 'ल' आणि 'श' हिंदीच्या वळणाहून वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली ही वळणे अधिकृतपणे ठरवून दिली. आपल्या बेटावर मराठी हिंदीच्या शेजारी नांदते, तेव्हा ही गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी.

पुढची अडचण शिरोरेषेची. संगणकात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. पडद्यावर ते दिसत नाही. परंतु यंत्रातील सुरी प्रत्येक कडा इमानाने कापते आणि रेषेचे तुकडे होतात. म्हणून कापण्यापूर्वी सर्व आकार एकजीव करावे लागतात. मग संपूर्ण शब्द एकाच रेषेला लटकलेला, अखंड निघतो. रोमन अक्षरांना हे भाग्य नाही; ती सुटी सुटीच असतात.

व्हिनाइल हे मूळचे ठिसूळ द्रव्य. १९२६ साली वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने त्याला मऊपणा आणला. सुरी केवळ वरचा पापुद्रा कापते, खालचा कागद शाबूत राहतो. त्यानंतर नको तो भाग चिमट्याने उचलून काढायचा. हे काम हलक्या हाताचे. 'ब'च्या पोटातील तिरपी रेघ तुटली की 'बाबा'चा 'वावा' होतो, आणि अनुस्वार निसटला की 'आनंद' उणा होतो. हे करताना मला कोकणातील काविकला आठवली. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन, नको तेवढा खरवडून चित्र उमटविण्याची ती कला. साधन बदलले, तत्त्व तेच: नको ते काढले की हवे ते दिसू लागते.

आता भिंत. ती कोरडी व स्वच्छ असावी. नवा रंग दिला असेल तर तीन-चार आठवडे थांबावे. अमेरिकेतील पुष्कळ भिंतींवर संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत लेपन असते. तेथे बारीक अक्षरे धरत नाहीत, ठळक वळणच घ्यावे. पाणसळ लावून पेन्सिलीने शिरोरेषेची जागा आखावी, कारण लांब रेषेचा थोडासा कलही डोळ्यांत सलतो. अक्षरांवर कमी चिकट कागद चढवून ती भिंतीवर ठेवावीत, जुन्या कार्डाने घासावीत आणि कागद तिरपा, सावकाश ओढावा. पुढे काढावयाची झाल्यास केस वाळविण्याच्या यंत्राची ऊब पुरते.

विठ्ठल सरळ उभा राहिला. अनुस्वार लावण्याचा मान नातीला हवा होता. पण या शब्दाला अनुस्वारच नाही, हे तिला प्रथम कळले. मग तिने दारावर लावण्यासाठी स्वतः 'आनंद' हा शब्द निवडला, एकेक अक्षर मोठ्याने वाचले आणि शेवटी तो लहानसा ठिपका आपल्या बोटाने दाबून बसविला. सासूबाई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या.

वाचकहो, आपल्याही घरांत असा शब्द अवश्य लावा. कुलदैवताचे नाव असो, घराचे असो, वा पूर्वजांनी मागे ठेवलेल्या गावाचे असो. मात्र तो लावण्यापूर्वी घरातील सर्वांत लहान मुलाकडून वाचून घ्या. पणजोबांना जे आपल्या नावाबाबत साधले नाही, ते त्या मुलाला साधावे, एवढीच या पानाची शुभेच्छा.