जमीन राखली, घराचे काय?

उत्तर प्रदेशापासून वेगळे होऊन ९ नोव्हेंबर २००० रोजी उत्तराखंड राज्य अस्तित्वात आले. पहाडातील तरुणाला पोटासाठी मैदानात उतरावे लागू नये, ही त्यामागची एक मोठी आकांक्षा होती. पंचवीस वर्षांत एवढा फरक निश्चित पडला, की त्यातील काही जण आता दिल्लीपर्यंत न जाता डेहराडूनलाच थांबतात. मात्र राजधानीत नोकरी मिळवलेल्या या तरुणाला तेथे स्वतःचे घर घेणे दिवसेंदिवस अशक्य होत चालले आहे. त्याचे खापर केवळ ‘बाहेरच्यां’वर फोडून भागणार नाही.

२०११ च्या जनगणनेत डेहराडून जिल्ह्याची लोकसंख्या दशकभरात सुमारे ३२ टक्क्यांनी वाढून १७ लाखांच्या जवळ गेली. त्याच दशकात अल्मोडा व पौडी गढवाल या दोन पहाडी जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. राज्य सरकारने २०१७ मध्ये पलायन आयोग नेमला. २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाल्याचे आयोगाने २०१८ च्या अहवालात नोंदवले. सचिवालय, संचालनालये, खासगी विद्यापीठे, मोठी रुग्णालये, सहस्रधारा मार्गावरील आयटी पार्क असे सारे एकाच खोऱ्यात एकवटले आहे. गैरसैणला २०२० मध्ये उन्हाळी राजधानीचा दर्जा मिळाला खरा, पण नोकऱ्या काही तेथे गेल्या नाहीत.

याच शहराकडे दुसराही लोंढा येत असतो. निवृत्त लष्करी अधिकारी, मुलांच्या नामांकित शाळांसाठी येणारी कुटुंबे आणि दिल्लीकरांची ‘दुसरी घरे’ हे डेहराडूनचे जुने गिऱ्हाईक. २०२० नंतर घरून काम करणाऱ्यांची त्यात भर पडली आणि २०२३ मध्ये दिल्लीहून वंदे भारत गाडी सुरू झाली. लोणावळ्याच्या बंगल्यांची कथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे चित्र नवे वाटू नये. फरक इतकाच, की लोणावळा राज्याची राजधानी नाही.

जमीन वाचवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १२ सप्टेंबर २००३ पूर्वी राज्यात स्थावर मालमत्ता नसलेल्यांना घरासाठी ५०० चौरस मीटरची मर्यादा घालण्यात आली. २००७ मध्ये ती २५० वर आणली गेली. २०१८ मध्ये उद्योगांसाठी नियम सैल झाले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. अखेर २०२५ च्या दुरुस्तीने हरिद्वार व उधमसिंहनगर वगळता ११ जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतजमीन व बागायती जमीन घेण्यास मनाई केली. महाराष्ट्रातही बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, त्यामुळे या कायद्यामागची भावना येथे कोणालाही समजेल.

परंतु हे निर्बंध महापालिका, नगरपालिका व छावणी हद्दीत लागू नाहीत, आणि खरी मेख येथेच आहे. खेड्याचे दार बंद झाले की बाहेरचा पैसा जेथे दार उघडे आहे तेथे, म्हणजे शहरात, वळणार हे उघड आहे. त्यात २०१८ च्या निवडणुकीपूर्वी डेहराडून महापालिकेची हद्द वाढून प्रभाग ६० वरून १०० झाले, म्हणजे कालपर्यंत संरक्षित असलेली भोवतालची गावेही निर्बंधमुक्त झाली. पहाडाची जमीन राखणारा कायदा पहाडातून शहरात आलेल्या मुलाच्या घराविषयी काहीच बोलत नाही. उलट त्याच्याशी स्पर्धा करणारा ग्राहक तो शहरात आणून सोडतो.

हिशेब साधा आहे. महिना ४० हजार रुपये हाती येणाऱ्या अभियंत्याने १८ हजारांचा हप्ता सोसायचे ठरवले, तरी साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी त्याला सुमारे २० लाखांचे कर्ज मिळेल. एवढ्या रकमेत शहराच्या बऱ्या वस्तीत दोन खोल्यांची सदनिकाही मिळणे कठीण. आपल्याकडील रेडी रेकनरसारखे तेथील ‘सर्कल रेट’ २०२३ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये वाढले. त्यामुळे मुद्रांक शुल्काचा भारही चढला.

मग स्वस्त काय उरते? रिस्पना आणि बिंदाल नद्यांचे काठ, ओढ्यांची पात्रे, उताराचे तुकडे. १५ सप्टेंबर २०२५ च्या रात्री सहस्रधारा परिसरात आभाळ फाटले. आयटी पार्कच्या भागात पाणी घुसले, टपकेश्वर मंदिर पुराने वेढले आणि प्रेमनगरजवळचा पूल खचला. अनेकांनी प्राण गमावले. खोरे आधीच भूकंपप्रवण. १९८० च्या दशकात चुनखडीच्या खाणींविरुद्ध याच खोऱ्यातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते आणि १९८९ मध्ये केंद्राने दून खोऱ्यासाठी स्वतंत्र अधिसूचना काढली होती. म्हणजे येथील डोंगरांचा नाजूकपणा कोणाला माहीत नव्हता, असे म्हणण्याची सोय नाही. बांधकामाला जागा मर्यादित असल्याने ‘आणखी इमारती बांधा’ हा पुण्या-मुंबईतला सोपा सल्लाही येथे जसाच्या तसा चालणार नाही.

जुन्या डेहराडूनमध्ये नोकरीबरोबर क्वार्टर मिळत असे. वन संशोधन संस्था, भारतीय सर्वेक्षण विभाग, ओएनजीसी आणि लष्कर यांनी आपापल्या वसाहती उभारल्या, म्हणून नव्या माणसाला आल्या दिवशी बाजाराच्या तोंडी जावे लागले नाही. नव्या खासगी मालकांवर असा कोणताही भार नाही, आणि सरकारनेही तो स्वतःकडे घेतलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे आणि त्यात नोकरदार वर्गालाही स्थान आहे. उत्तराखंडात मात्र राजकीय चर्चा जमीन कोणाच्या नावावर, या प्रश्नावरच अडून राहिली आहे. भाडेकरू तिच्यात येत नाही. त्यांपैकी अनेकांचे नाव अद्याप गावाच्याच मतदार यादीत आहे, हेही त्याचे एक कारण असावे.